साक्षीदार आणि तपासनीस : 'द इंट्यूशनिस्ट'मधील रहस्य, विज्ञान आणि वंशद्वेषाचा इतिहास

१

रहस्यकथा आणि विज्ञानकथा या दोन वाङ्मयप्रकारांकडे मराठी समीक्षेने दीर्घकाळ ज्या दृष्टीने पाहिले, तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे. कथानकाची ओढ जेथे प्रबळ असते तेथे जीवनदर्शन दुय्यम ठरते, असे हे गृहीतक सांगते. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी मराठी माणसाला वाचनाची गोडी लावली, हे आपण कौतुकाने मान्य करतो. परंतु कथेच्या घाटाची चर्चा करताना त्यांचे नाव सहसा घेत नाही. दुसऱ्या टोकाला वर्ण, वंश किंवा जात यांच्या आधारे माणसाचे माणूसपण नाकारले जाण्याचा अनुभव मांडणारे साहित्य आहे. ते आपण साक्ष म्हणून वाचतो आणि अनुभवाची अस्सलता हाच त्याचा पहिला निकष मानतो. परिणामी एका बाजूला रंजन आणि दुसऱ्या बाजूला साक्ष अशी विभागणी इतकी पक्की झाली आहे, की या दोहोंची गाठ एखाद्या कलाकृतीत पडू शकेल, ही शक्यताच आपल्या विचारकक्षेत येत नाही.

ही गाठ पडली तर काय होते? दास्याचा आणि वंशद्वेषाचा इतिहास रहस्यकथेच्या घाटात मांडल्याने त्या इतिहासाचे गांभीर्य उणावते, की त्या इतिहासाच्या भाराने रहस्यकथेचा घाटच बदलतो? कोल्सन व्हाइटहेड या आफ्रिकन-अमेरिकन लेखकाच्या 'द इंट्यूशनिस्ट' (१९९९) या पहिल्या कादंबरीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. व्हाइटहेड यांना पुढे 'द अंडरग्राउंड रेलरोड' (२०१६) आणि 'द निकेल बॉइज' (२०१९) या कादंबऱ्यांसाठी दोन वेळा पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्यांच्याविषयीची बहुतेक चर्चा या दोन कादंबऱ्यांभोवती केंद्रित झाली. तथापि वंशद्वेष आणि ज्ञानव्यवहार यांच्या संबंधाविषयीचे त्यांचे मूलगामी चिंतन त्यांच्या पहिल्या कादंबरीत आहे, असे मला वाटते.

ही वाट व्हाइटहेड यांनीच प्रथम पाडली असे अर्थातच नाही. रुडॉल्फ फिशर यांच्या 'द कॉन्जर-मॅन डाइज' (१९३२) पासून चेस्टर हाइम्स यांच्या हार्लेममधील पोलीस-कादंबऱ्यांपर्यंत आणि तेथून वॉल्टर मोझ्ली यांच्या 'डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस' (१९९०) पर्यंत कृष्णवर्णीय रहस्यकथेची स्वतंत्र परंपरा आहे. विज्ञानकथेच्या बाजूने पाहिले, तर डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९२० मध्येच 'द कॉमेट' ही कथा लिहिली होती. आणि कृष्णवर्णीयांना गोरे करणारे यंत्र निघाल्यावर अमेरिकेची कशी त्रेधा उडेल, याचे उपहासचित्र जॉर्ज श्कायलर यांनी 'ब्लॅक नो मोअर' (१९३१) मध्ये रेखाटले होते. इश्मेल रीड यांच्या 'मम्बो जम्बो' (१९७२) मध्ये तपासकथा आणि वांशिक इतिहास यांची सरमिसळ आहेच. या सर्वांचे ऋण घेऊन व्हाइटहेड एक पाऊल पुढे जातात. तपास करणे म्हणजे काय आणि तो कोणी करावा, हाच प्रश्न ते कादंबरीच्या केंद्रस्थानी आणतात.

२

कादंबरी ज्या शहरात घडते त्याला नाव नाही. ते न्यूयॉर्कसारखे आहे. काळ विसाव्या शतकाच्या मध्याचा वाटतो. कृष्णवर्णीयांसाठी त्या काळी रूढ असलेला 'कलर्ड' हा शब्द सर्रास वापरला जातो. एका बाबतीत मात्र हे जग आपल्या जगापासून थोडे सरकलेले आहे. या शहरात लिफ्ट ही केवळ सोय राहिलेली नसून ती संस्कृतीचा कणा झाली आहे. लिफ्ट-निरीक्षकांचे सरकारी खाते आहे, त्यांचा संघ आहे, संघाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत गुंडांपासून कंपन्यांपर्यंत सर्वांचे हितसंबंध गुंतलेले आहेत. लिफ्टचे उच्च शिक्षण देणारी संस्था आहे, तिच्यात सिद्धान्त शिकवले जातात, पंथ पडतात, मासिके निघतात.

या निरीक्षकांत दोन पंथ आहेत. एक पंथ यंत्र उघडून, दोर, पुली आणि गतिनियंत्रक डोळ्यांनी तपासून दोष शोधतो. दुसरा पंथ लिफ्टमध्ये उभा राहतो, डोळे मिटतो, पाठीला जाणवणाऱ्या कंपनांतून मनात उमटणाऱ्या आकृती वाचतो आणि निदान करतो. पहिल्याला 'प्रत्यक्षवादी' आणि दुसऱ्याला 'अंतःप्रज्ञावादी' म्हणता येईल. पहिल्यासाठी 'अनुभववादी' हा रूढ पर्याय येथे मुद्दाम टाळला आहे, कारण मराठी समीक्षेत 'अनुभव' या शब्दाने दुसरेच ओझे उचलले आहे. कादंबरीतील निवेदकाच्या सांगण्यानुसार अंतःप्रज्ञावाद्यांचे निदान दहा टक्क्यांनी अधिक अचूक असते; तरीही खात्यात त्यांची गणना बुवाबाजी करणाऱ्यांत होते.

लायला मे वॉटसन ही या खात्यातील पहिली कृष्णवर्णीय स्त्री निरीक्षक. ती अंतःप्रज्ञावादी आहे आणि तिचे निदान कधी चुकलेले नाही. अशा वेळी फॅनी ब्रिग्ज या नावाने उभारलेल्या नव्या सरकारी इमारतीतील अकरा क्रमांकाची लिफ्ट थेट खाली कोसळते. लायला मेने ती नुकतीच तपासून निर्दोष ठरवलेली असते. लिफ्टला इतक्या सुरक्षायंत्रणा असतात, की अशी संपूर्ण कोसळण व्यवहारतः अशक्य मानली जाते. निवडणूक तोंडावर आहे. प्रत्यक्षवाद्यांचा नेता फ्रँक शँकर या अपघाताचे भांडवल करणार हे उघड आहे. हा घातपात आहे, अशी लायला मेची खात्री होते आणि आपली निर्दोषता सिद्ध करण्यासाठी ती स्वतःच तपासाला निघते.

या तपासाच्या ओघात दुसरे रहस्य उलगडू लागते. अंतःप्रज्ञावादाचा प्रणेता जेम्स फुल्टन याने मृत्यूपूर्वी एका परिपूर्ण लिफ्टचा आराखडा तयार केला होता, अशी वदंता असते. आजची शहरे जुनाट ठरवील असे हे यंत्र. त्याच्या वह्यांच्या मागावर दोन्ही पंथ आहेत, कंपन्या आहेत, पत्रकार आहेत, हाडे मोडणारे गुंड आहेत. या धावपळीत फुल्टनचा पुतण्या म्हणवणारा नॅचेझ नावाचा तरुण लायला मेला सांगतो, की ज्याला सारे जग गोरा समजत आले तो फुल्टन जन्माने कृष्णवर्णीय होता.

३

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मध्ये रहस्यकथेच्या प्रकारांची मांडणी करताना असे प्रतिपादन केले होते, की रहस्यकथेत नेहमी दोन कथा असतात. पहिली गुन्ह्याची; ती घडून गेलेली असते, म्हणून संहितेत अनुपस्थित असते. दुसरी तपासाची, ती संहितेत उपस्थित असते, पण तिचे स्वतःचे महत्त्व पहिलीपर्यंत पोहोचवण्यापुरतेच असते. शेवटी दोन्ही कथांची भेट होते आणि वाचक निश्चिंत होतो.

'द इंट्यूशनिस्ट'चा घाट या मांडणीच्या प्रकाशात पाहिला, तर तिचे वेगळेपण ध्यानात येते. तपासाची कथा नियमानुसार चालू राहते. सुगावे सापडतात, घराची झडती होते, पाठलाग होतो, ज्याच्यावर विश्वास ठेवला तो दुसराच निघतो. नॅचेझ हा फुल्टनचा कोणीही नसून आर्बो या लिफ्ट-कंपनीचा रेमंड कूम्ब्ज नावाचा माणूस असतो. मात्र शेवटी लायला मे ज्या निष्कर्षाला येते तो रहस्यकथेच्या वाचकाला चक्रावून टाकणारा आहे. घातपात झालेलाच नव्हता. शँकरने काही केले नव्हते, गुंडांनी नव्हते, सहकाऱ्यांनीही नव्हते. अकरा क्रमांकाची लिफ्ट कोणाच्याही हाताविना कोसळली. तोदोरोव्ह यांची पहिली कथा येथे अनुपस्थित आहे याचे कारण ती घडलेलीच नाही.

हा वाचकाचा विश्वासघात आहे काय? तसे मानणे वरवरचे होईल. गुन्हेगार नसलेल्या या गुन्ह्याच्या जागी कादंबरीने दुसरी एक पहिली कथा ठेवली आहे. ती म्हणजे फॅनी ब्रिग्जपासून लायला मेपर्यंतचा इतिहास. तपासाच्या निमित्ताने लायला मे ज्या ज्या खोलीत शिरते, त्या प्रत्येक खोलीत हा इतिहास तिच्या आधी येऊन बसलेला असतो. तिचे वडील शिक्षणाने अभियंता होण्याच्या योग्यतेचे, पण आयुष्य त्यांनी गोऱ्यांच्या दुकानात लिफ्ट चालवण्यात काढले. लिफ्टच्या शिक्षणसंस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी निवासाची सोय नव्हती, म्हणून लायला मे झाडलोटीचे सामान ठेवण्याच्या खोलीत राहून शिकली. फॅनी ब्रिग्ज ही कादंबरीतली गुलाम स्त्री स्वतः वाचायला शिकली होती. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे कायद्याने गुन्हा होता, हे लक्षात घेतले म्हणजे तिच्या अक्षरओळखीचे मोल कळते. आता तिचे नाव इमारतीला देऊन महापौर कृष्णवर्णीयांची मते मिळवू पाहतात आणि त्याच हिशेबाने लिफ्ट तपासायला लायला मेची नेमणूक होते. अशा जगात लिफ्ट कोसळली, की 'हे मला अडकवण्यासाठी कोणीतरी केले' असे लायला मेला वाटणे यात भ्रम कोणता? संशय ही येथे शतकांच्या अनुभवातून घडलेली वाचनपद्धती आहे.

तरी ही वाचनपद्धती चुकते, आणि तिची सर्वांत मोठी चूक पॉम्पीच्या बाबतीत होते. पॉम्पी हा खात्यातला पहिला कृष्णवर्णीय निरीक्षक. गोऱ्यांपुढे वाकणारा, त्यांच्या विनोदांवर हसणारा म्हणून लायला मे त्याचा मनापासून तिरस्कार करते आणि घातपाताचा पहिला संशय त्याच्यावरच घेते. निरीक्षकांच्या वार्षिक मेजवानीत गोरे सहकारी तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करतात, तेव्हा पॉम्पीही हसत असतो. लायला मे त्याच दालनात मोलकरणीच्या पोशाखात वाढपाचे काम करीत वावरते, आणि रोज तिच्यासोबत काम करणाऱ्यांपैकी एकही जण तिला ओळखत नाही. हे दृश्य राल्फ एलिसन यांच्या 'इनव्हिजिबल मॅन' (१९५२) या कादंबरीची आठवण करून देणारे आहे. पण येथे एक पदर अधिक आहे. गोऱ्यांना लायला मे दिसत नाही, आणि लायला मेला पॉम्पी दिसत नाही. पुढे ती त्याला जाब विचारते, तेव्हा पॉम्पी घातपाताचा आरोप फेटाळतोच, शिवाय पहिला म्हणून आत शिरताना आपल्याला काय सोसावे लागले, मुलाबाळांच्या काळजीने आपण काय पत्करले, हेही तो सुनावतो. तपासनीस येथे आरोपीच्या जागी जाते. वंशद्वेष पीडितांच्या परस्परांकडे पाहण्याच्या नजरेतही कसा झिरपतो, हे सांगण्यासाठी याहून अचूक रचना सापडणे कठीण आहे.

४

या कादंबरीला विज्ञानकथा म्हणावे काय, असा आक्षेप कोणी घेईल. तिच्यात अंतराळयान नाही, भविष्यकाळ नाही. परंतु डार्को सूव्हिन यांनी १९७९ मध्ये विज्ञानकथेचा जो विशेष सांगितला, परिचित जग तर्कसंगत रीतीने अपरिचित करून त्याचे नव्याने आकलन घडवणे, तो येथे पुरेपूर आहे. व्हाइटहेड यांनी यंत्र नवे कल्पिलेले नाही. त्यांनी शास्त्र नवे कल्पिले आहे. आणि शास्त्र कल्पिले की त्याचे अधिकारी, त्याचे पाखंडी, त्याची पाठ्यपुस्तके आणि त्याचे राजकारण हेही कल्पावे लागते. कादंबरीतील खरा संघर्ष येथे आहे.

१८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये एलिशा ओटिस याने उंचावर ओढलेल्या फळीवर उभे राहून सर्वांसमक्ष तिचा दोर कापवला आणि त्याच्या सुरक्षायंत्रणेने फळी जागीच धरून ठेवली, ही घटना तंत्रज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. लिफ्टवरचा विश्वास, आणि म्हणून उंच इमारतींचे शहर, या प्रात्यक्षिकातून शक्य झाले. प्रत्यक्षवादी पंथाची ही आदिकथा आहे. डोळ्यांना दिसले, म्हणून खरे. कादंबरीत शँकर याच प्रात्यक्षिकाची नक्कल करायला जातो आणि पाय मोडून घेतो, हा उपहास अर्थपूर्ण आहे.

कारण 'डोळ्यांना दिसले, म्हणून खरे' हे ज्ञानतत्त्व लिफ्टपुरते राहत नाही. वंशविचार याच तत्त्वावर उभा असतो. त्वचा दिसली, माणूस कळला. प्रत्यक्षवादी निरीक्षक यंत्राच्या पृष्ठभागावरून त्याचे अंतरंग ठरवतो. गोरा समाज माणसाच्या पृष्ठभागावरून तेच करतो. फुल्टन या समाजात गोरा म्हणून वावरला. त्याच्या त्वचेकडे पाहून कोणालाही त्याचा वंश ओळखता आला नाही, म्हणजे प्रत्यक्षवाद किती आंधळा असू शकतो याचा पुरावा तो स्वतःच होता. पृष्ठभागाच्या पलीकडचे जाणण्याचा सिद्धान्त याच माणसाने मांडावा, ही संगती व्हाइटहेड कोठेही ठासून सांगत नाहीत; वाचकाने ती जोडून घ्यायची आहे.

या संगतीला पुढे आणखी एक कलाटणी मिळते. फुल्टनच्या घरी अनेक वर्षे काम केलेली मरी क्लेअर रॉजर्स ही कृष्णवर्णीय स्त्री लायला मेला सांगते, की अंतःप्रज्ञावाद हा आरंभी निव्वळ एक थट्टा होती. गोऱ्या पंडितांनी कसल्याही अवघड भाषेपुढे मान डोलवावी, याची फुल्टनने केलेली ही टवाळी. पंडितांनी ती गंभीरपणे घेतली, पंथ उभा राहिला. आणि कालांतराने फुल्टन स्वतःच आपल्या थट्टेवर विश्वास ठेवू लागला. लायला मेने ज्या ग्रंथावर आयुष्य उभारले, तो ग्रंथ तिला आता पुन्हा वाचावा लागतो. तेच शब्द, तीच वाक्ये. पण लिहिणारा कोण हे कळल्यावर प्रत्येक वाक्याचा अर्थ पालटतो. वर जाण्याविषयीचे प्रत्येक विधान उद्धाराच्या आकांक्षेचे होते. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या १९०१ च्या आत्मचरित्राचे 'अप फ्रॉम स्लेव्हरी' हे शीर्षक आठवले, म्हणजे ऊर्ध्वगतीची ही भाषा कोणत्या इतिहासातून आली हे ध्यानात येते. फॅनी ब्रिग्ज वाचायला शिकली, त्याच अर्थाने लायला मे येथे दुसऱ्यांदा वाचायला शिकते. तपासाची खरी उकल या पुनर्वाचनात होते.

५

फुल्टनने जे केले त्याला इंग्रजीत 'पासिंग' म्हणतात. गौरवर्ण असलेल्या कृष्णवर्णीयाने गोरा म्हणून खपून जाणे, असा त्याचा अर्थ. अमेरिकेच्या इतिहासात या गोष्टीला कायद्याचीही पार्श्वभूमी आहे. ज्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये वांशिक विलगीकरणाला मान्यता दिली, त्यातला होमर प्लेसी हा दिसण्यात गोराच होता. त्याचा वंश त्याने स्वतः सांगितला म्हणून तो गोऱ्यांच्या डब्यात गुन्हेगार ठरला. वंश डोळ्यांना दिसतो असे मानणाऱ्या कायद्याला तो न दिसणारा वंश कागदावर शोधावा लागला.

'पासिंग'ला मराठीत प्रतिशब्द शोधू लागलो, की आपण थेट बाबुराव बागुलांपाशी येऊन पोहोचतो. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेच्या शीर्षकातील 'चोरली' हे क्रियापद विलक्षण आहे. इंग्रजी शब्दात केवळ निसटून पार होणे आहे. मराठी शब्द लपवणाऱ्याला चोर ठरवतो. बागुलांनी समाजाच्या तोंडचा हा आरोप उचलला आणि निवेदकाच्या तोंडी प्रथमपुरुषात घातला. तेथेच त्याचा अर्थ उलटला. रेल्वेत नोकरीला गेलेल्या या निवेदकाची जात केव्हा उघडी पडेल, या धास्तीवर ती सगळी कथा ताणलेली आहे. ती आपण साक्ष म्हणून वाचली, आणि ते योग्यच होते. पण तिची रचना संशय, लपवणूक आणि उलगडा यांची आहे, म्हणजेच रहस्यकथेची आहे, याकडे आपले फारसे लक्ष गेले नाही. कृष्णवर्णीयांच्या आणि दलितांच्या साहित्याची तुलना आपल्याकडे नवी नाही. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. ही तुलना वेदना आणि विद्रोह या आशयसूत्रांच्या पातळीवर पुष्कळ झाली. घाटाच्या पातळीवर ती व्हायची आहे.

जात किंवा वंश चोरणाऱ्याची कथा बहुधा पतनाने संपते. बागुलांच्या निवेदकाला मार खावा लागतो. नेला लार्सन यांच्या 'पासिंग' (१९२९) मधील क्लेअर उंचावरच्या खिडकीतून खाली पडून मरते. तो अपघात, आत्महत्या की खून, हे लेखिका सांगत नाही. व्हाइटहेड यांच्या कादंबरीत फुल्टन मात्र पकडला जात नाही. प्रतिष्ठेत जगतो, प्रतिष्ठेत मरतो. त्याच्या वाट्याचे पतन जणू त्या लिफ्टच्या वाट्याला येते. लायला मेला शेवटी उमगते, की अकरा क्रमांकाची लिफ्टही निर्दोष असल्याचे सोंग वठवीत होती. तिचे सोंग इतके हुबेहूब होते, की ते लिफ्टलाही ठाऊक होते की नाही कोण जाणे. लायला मेच्या अंतःप्रज्ञेलाही ते कळले नाही. ती लिफ्ट रिकामी कोसळली, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. फुल्टनच्या ग्रंथात अदृश्य उतारूचा एक कूटप्रश्न आहे. बटण दाबून लिफ्ट बोलावणारा माणूस ती येण्याआधीच निघून गेला, तर उघडलेल्या दारापाशी कोण असते? वंशद्वेषाच्या इतिहासात ज्यांनी वर जाण्यासाठी हाक दिली आणि दार उघडेपर्यंत जे उरले नाहीत, अशांची संख्या मोजता येणार नाही.

६

कादंबरीच्या या सामर्थ्याबरोबर तिच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. पहिली मर्यादा पॉम्पीच्या संदर्भात आहे. तो बोलतो, आपल्याला हलवून सोडतो आणि मग कथानकातून जवळजवळ बाजूला पडतो. लायला मेची चूक तिला कळते. परंतु त्या कळण्यातून दोघांमध्ये कोणतेही नाते जुळत नाही. पीडितांच्या एकजुटीची शक्यता कादंबरी दाखवते आणि लगेच सोडून देते. व्हाइटहेड यांची नायिका प्रकृतीनेच एकाकी आहे, हे मान्य केले तरी तिच्या एकाकीपणाची किंमत पॉम्पीने का मोजावी, हा प्रश्न उरतो.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. फुल्टनच्या वहीत लायला मेचे नाव सापडते आणि वाचकाला वाटते, की हिला वारसा मिळाला, हिची निवड झाली. प्रत्यक्षात म्हाताऱ्या फुल्टनला रात्री एका खिडकीत दिवा दिसला, त्या खोलीत कोण अभ्यास करते एवढे त्याने विचारले आणि कळलेले नाव वहीच्या समासात टिपले. निवड नव्हतीच, होता तो योगायोग. ती खिडकी त्या झाडलोटीच्या खोलीची होती, ही गोष्ट विसरता कामा नये. ज्या अन्यायाने तिला तेथे ढकलले त्याच अन्यायाने तिचा दिवा फुल्टनच्या नजरेस पडला. येथपर्यंत कादंबरी आपल्या तर्काशी प्रामाणिक राहते. त्यानंतर लायला मे त्या योगायोगालाच आज्ञा मानते. एका खोलीत स्वतःला कोंडून घेऊन ती फुल्टनचे अपुरे लेखन त्याच्याच हस्ताक्षरात, त्याच्याच शैलीत पूर्ण करू लागते. नव्या शहराचा आराखडा ती जगाला देणार आहे; पण आज नाही, जग तयार होईल तेव्हा.

या शेवटाला पुष्कळांनी मुक्तीचे चिन्ह मानले. मला तो तितका सरळ वाटत नाही. लायला मे आता फुल्टनच्या नावाखाली लिहिते, म्हणजे एका वेगळ्या अर्थाने तीही स्वतःला चोरते. जन्मभर ज्याने वंश लपवला त्याच्या स्वाक्षरीमागे त्याची वारसदार आपले कर्तृत्व लपवते. फुल्टनला निदान प्रतिष्ठा मिळाली; लायला मेला नावही मिळणार नाही. शिवाय येणारे शहर आजच्या शहराच्या अवशेषांवरच उभे राहणार असेल, तर आजच्या शहरात पॉम्पीची मुले राहतात, त्यांचे काय? ज्या प्रश्नांना इतिहासात उत्तर नाही ते भविष्यकाळाच्या हवाली करण्याचा मोह विज्ञानकथेला नेहमीच असतो. शेवटच्या पानांत व्हाइटहेड यांनाही तो आवरलेला नाही.

७

असे असूनही, किंवा या अपुरेपणासकट, 'द इंट्यूशनिस्ट'ने वाङ्मयप्रकारांच्या श्रेणीविषयीची आपली समजूत तपासायला लावली आहे. लेखाच्या आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. वंशद्वेषाचा इतिहास रहस्यकथेत आल्याने त्याचे गांभीर्य उणावलेले नाही. रहस्यकथा मात्र पूर्वीची राहिलेली नाही. तिचे मूळ आश्वासन असे असते, की गुन्हा एका व्यक्तीने केलेला असतो, ती व्यक्ती सापडली की जग पूर्ववत होते. वंशद्वेषाच्या बाबतीत हे आश्वासन खोटे आहे. येथे लाच घेणारे, टर उडवणारे, नेमणुकीत हिशेब पाहणारे, निवासाची सोय न ठेवणारे असे असंख्य हात आहेत. आणि लिफ्ट कोसळली तेव्हा त्यांपैकी एकही हात दोरावर नव्हता. गुन्हेगार न सापडणे ही या तपासाची सर्वांत खरी निष्पत्ती आहे.

याहून महत्त्वाचा एक बदल या घाटाने घडवला आहे. अत्याचारग्रस्त माणसाला साहित्यात आपण आदराने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतो. त्याने काय भोगले ते सांगावे. अर्थ लावण्याचे काम इतरांचे. साक्षीदाराकडून आपण सत्याची अपेक्षा करतो, सिद्धान्ताची करीत नाही. व्हाइटहेड यांनी लायला मेला साक्ष द्यायला बोलावले नाही. तिच्याकडे तपास सोपवला. तपासनीस चुकू शकतो, पूर्वग्रहाने पाहू शकतो, आपल्याच माणसावर अन्याय करू शकतो, आणि तरीही जग कसे चालते याविषयी सिद्धान्त मांडण्याचा अधिकार त्याला असतो. हा चुकण्याचा अधिकार साक्षीदाराला नसतो. त्याचे एक विधान खोटे ठरले, की त्याची सारी साक्ष बाद होते. म्हणून केवळ साक्षीदार म्हणून मिळालेल्या आदरात एक तुरुंग दडलेला असतो.

मराठी समीक्षेने अनुभवाच्या अस्सलतेचा निकष ज्या साहित्याला लावला, त्याच्यापुढेही हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे. त्या निकषाने एका काळी आवश्यक काम केले, यात शंका नाही. परंतु जात चोरणाऱ्याची कथा सांगणाऱ्यालाच त्या चोरीचा तपास करू देण्याची तयारी आपण दाखवली, तर रहस्यकथा, विज्ञानकथा आणि साक्ष यांच्यामधल्या भिंतींपैकी किती शिल्लक राहतील, हे पाहणे उद्बोधक ठरेल.